महिलांची ऑल-माउंटन स्की पारखायची कशी: चाचणीचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

ऑल-माउंटन स्की म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालावी अशी स्की. दोन फेऱ्या मारायच्या, "छान वळते" किंवा "जरा जड आहे" म्हणायचे आणि स्की परत करायची, यालाच बरेच जण चाचणी समजतात. अशा चाचणीत बहुधा स्की पारखली जातच नाही. बोथट कड (स्कीच्या तळाची धातूची किनार), सैल बूट, चुकलेली लांबी, दुपारी मऊ पडलेला बर्फ, यांपैकी कशाचा तरी गुण-दोष स्कीच्या नावावर मांडला जातो. म्हणून इथले निम्मे काम उतारावर पाय ठेवण्याआधीचे आहे. ते गाळून थेट पाचव्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा 1: स्की कोणासाठी पारखायची ते आधी लिहा

"चांगली स्की" असे काही नसते. अमक्या वजनाच्या, अमक्या सफाईच्या स्त्रीसाठी, अमक्या बर्फावर चांगली, एवढेच म्हणता येते. कागदावर पाच गोष्टी लिहा: वजन, उंची, आजची पातळी, नेहमीचा बर्फ आणि आवडता वेग.

पातळी ठरवताना वर्षे मोजू नका, वळण बघा. पुढची टोके जवळ आणून, पाचर करून वळणारी ती नवशिकी. सौम्य आणि मध्यम उतारांवर दोन्ही स्की समांतर ठेवणारी, पण उतार तीव्र झाला की शेपूट (स्कीचे मागचे टोक) घसरवणारी ती मध्यम. कडेवर राहून वळण पुरे करणारी आणि खडबडीत बर्फातही वेग आपल्या हाती ठेवणारी ती तरबेज. बहुतेक जणी स्वतःला एक पायरी वर धरतात आणि गरजेपेक्षा ताठ स्की घेऊन बसतात.

"महिलांची" या शिक्क्यावर फार विसंबू नका. ब्लिझार्डच्या रसलर आणि शीव्हा, नॉर्डिकाच्या एन्फोर्सर आणि सांता आना, फोल्कलच्या मँट्रा आणि सीक्रेट या एकाच घरातल्या जोड्या आहेत, प्रत्येकीतले दुसरे नाव महिलांच्या स्कीचे. असे कोणतेही मॉडेल हाती आले की तपशीलपत्रात तीन गोष्टी बघा: लाकडी गाभा किंवा धातूचा थर बदललेला आहे का, बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या यंत्रणेची) खूण पुढे सरकवली आहे का, की फक्त रंग बदलून लहान लांब्या दिल्या आहेत. तिन्हींपैकी काहीही असू शकते. 75 किलोच्या तरबेज स्त्रीला महिलांच्या यादीतली हलकी स्की पुरणार नाही, तेव्हा तिने दुसरी यादी उघडावी.

## टप्पा 2: कागदावरची मापे वाचा

कंबरेची रुंदी. स्कीवर 128-88-110 असे आकडे असतात: टोक, कंबर आणि शेपूट यांची रुंदी, मिलिमीटरमध्ये. यातला मधला आकडा सर्वात आधी बघा. 80 ते 86 ची स्की यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर चपळ असते, कडक बर्फावर पटकन कडेवर जाते. 87 ते 95 हा खरा मिश्र वापराचा पट्टा. 96 ते 104 मध्ये मऊ बर्फावर तरंगणे सोपे, पण कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो आणि गुडघ्या-घोट्याला जास्त जोर लावावा लागतो. नवशिकीला रुंद स्की "स्थिर" म्हणून दिली जाते. ती चूक आहे, कारण तिला सर्वात आधी कड बदलायला शिकायचे असते.

वळणाची त्रिज्या. 13-14 मीटर म्हणजे छोटी, चटपटीत वळणे. 16-18 म्हणजे लांब वळणे आणि वेगात शांतपणा. ही संख्या लांबीप्रमाणे बदलते, म्हणून एकीची 158 सेंमीची त्रिज्या दुसरीच्या 172 सेंमीच्या त्रिज्येशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

लांबी. नवशिकीला हनुवटीच्या आसपास, मध्यम पातळीला नाक ते कपाळ, तरबेजला डोक्याइतकी, अशी सुरुवात करा. पण हा अंदाजच आहे. स्कीला उंची कळत नाही, वजन कळते. उंच पण सडपातळ स्त्रीने एक माप खाली, बुटकी पण वजनदार आणि वेगवान असेल तिने एक माप वर करून बघावे.

रॉकर आणि कॅम्बर. दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून उभे धरा, दाबू नका. मधे फट दिसते तो कॅम्बर. टोकाकडे तळ जिथे एकमेकांपासून सुटतात तिथून रॉकर, म्हणजे वर वळलेला भाग, सुरू होतो. टोकापासून ते अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. रॉकर जितका लांब, तितकी सपाट कडक बर्फावर प्रत्यक्ष टेकणारी कड कमी. म्हणूनच लांब रॉकरची 164 ची स्की दाबलेल्या उतारावर एखाद्या 158 सारखी छोटी वाटते आणि लोक तिला "अस्थिर" ठरवून मोकळे होतात. तिला एक माप मोठी घेऊन पुन्हा बघायला हवे.

वजन. एका स्कीचे, बाइंडिंगशिवाय. 1,400 ग्रॅमच्या आसपासची स्की उचलायला सुखाची, पण विस्कटलेल्या बर्फात उडते. 1,800 च्या पुढची तिथे सरळ चालते, पण संध्याकाळी पाय मागते.

हाताने वाकवून बघायला हरकत नाही. शेपूट जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा, दुसऱ्याने मधे दाबा. टोक मऊ आणि शेपूट ताठ आहे की वाक सगळीकडे सारखा, एवढे यातून कळते. पीळ किती सहन करते हे कळत नाही, आणि कडक बर्फावरची पकड बरीचशी त्यावरच असते. दुकानात स्की वाकवून "जाम ताठ आहे" म्हणणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्या आणि पुढे चला.

> तपासणी: तळाला तळ लावून दाबल्यावर दोन्ही स्की शेवटी एकाच जागी टेकतात का? एकीचे टेकण्याचे ठिकाण पुढे-मागे असेल किंवा फट तिरकी दिसत असेल, तर ती जोडी वाकलेली किंवा पिळलेली आहे. तिची चाचणी करू नका.

## टप्पा 3: तळ आणि कडा तपासा

सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथून निघतात. कोरी स्की आहे म्हणून ती नीट घासलेली असेलच असे नाही, आणि भाड्याच्या चाचणी-स्कीवर तर आठवडाभराचे दगड लिहिलेले असतात.

1. तळाची सपाटी. धातूची सरळ पट्टी तळावर आडवी ठेवा आणि पलीकडे उजेड धरा. टोक, कंबर, शेपूट अशा तीन जागी बघा. मधून उजेड आला तर कडा तळापेक्षा वर आहेत. अशी स्की कडा धरून बसते, घसरवून वळवायला गेले की हिसका देते. कडांकडून उजेड आला तर तळ फुगलेला आहे. ती सरळ जाताना भटकते आणि कड उशिरा लागते.

2. धार. नखाची पाठ कडेवर आडवी हलकी ओढा. पांढरा कीस निघाला तर धार आहे. टोकाजवळ, पायाखाली, शेपटाजवळ, चारही कडांवर बघा. पायाखालची कड सगळ्यात आधी बोथट होते.

3. बारीक खरबरीत काठ. घासल्यावर कडेला धातूचा दिसणार नाही असा काठ उरतो. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. धागे अडकले तर काठ आहे, तो गमी स्टोन (रबरासारखा मऊ घासायचा दगड) किंवा बारीक डायमंड स्टोनने काढा. बोट फिरवून बघू नका, कापते. टोकाला हा काठ राहिला की स्की वळणात अचानक आत ओढते, आणि अहवालात "टोक हट्टी आहे" असे छापून येते.

4. कोन. ऑल-माउंटन स्कीला तळाकडून 1° आणि बाजूने 2° हा सर्वसाधारण कोन आहे. कडक बर्फासाठी बाजूने 3° करतात. तळाचा कोन 0.5° केला तर कड लगेच लागते, चुकीला माफी मात्र कमी. दोन मॉडेलांची तुलना करायची असेल तर दोन्हींचे कोन सारखे हवेत. एकीला 3° आणि दुसरीला 2° असेल तर तुम्ही घासणाऱ्या कारागिरांची तुलना करताय.

5. मेण. दोन्ही जोड्यांना एकच मेण, एकाच दिवशी. तळ कडांजवळ पांढुरका, कोरडा दिसत असेल तर तो भुकेला आहे. अशी स्की सपाट भागात अडखळते आणि वळणाच्या सुरुवातीला जडशीळ वाटते.

> इशारा: टोक अडकते म्हणून टोकाची धार सरसकट मारू, म्हणजे बोथट करू, नका. आधी काठ आणि सपाटी बघा. मारायचीच झाली तर रॉकरच्या वरच्या, बर्फाला न टेकणाऱ्या भागाचीच मारा. मारलेली धार परत आणायला बरेच पोलाद घासावे लागते.

## टप्पा 4: बूट आणि बाइंडिंग

स्वतःचे बूट न्या. उसन्या बुटात स्की पारखणे व्यर्थ. बूट एक माप मोठा असेल तर नडगीचा दाब स्कीच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही आणि प्रत्येक स्की "वळायला आळशी" ठरते. बुटावरचा फ्लेक्सचा, म्हणजे ताठपणाचा, आकडा (स्त्रियांच्या बुटांत साधारण 60 ते 120) निरनिराळ्या कंपन्यांत सारखा नसतो. एका कंपनीचा 90 दुसरीच्या 100 इतका ताठ निघू शकतो.

बऱ्याच स्त्रियांची पोटरी खालूनच भरायला लागते. बुटाची मान तिथे रुतली की पाय मागे ढकलला जातो, वजन टाचेवर जाते आणि शेपूट सुटत नाही. दोष स्कीचा वाटतो. मान सैल करून किंवा बुटाच्या आत टाचेखाली पातळ पाचर देऊन आधी उभे राहणे सुधारा.

बाइंडिंगच्या बाबतीत एवढे बघा:

- बुटाचा तळवा आणि बाइंडिंग एकाच मानकाचे हवेत. साध्या अल्पाइन तळव्यासाठी आयएसओ 5355, ग्रिपवॉकसाठी (चालायला सोपा, किंचित वक्र तळवा) आयएसओ 23223, टूरिंगसाठी (स्कीवरूनच डोंगर चढण्याचे बूट) आयएसओ 9523. "बसतोय की" हा पुरावा नव्हे.
- सुटण्याचा आकडा, म्हणजे डिन, प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत लागते. वजन खरे सांगा. वय 50 किंवा अधिक असेल तर तक्त्यात आकडा खाली येतो, म्हणून वयही लपवू नका.
- बुटाची लांबी बदलली की टाचेचा पुढचा दाब पुन्हा जुळवावा लागतो. चाचणी-बाइंडिंग रुळावर सरकते, म्हणून हे इथे हमखास विसरले जाते. दर्शक खुणेत आहे का ते स्वतः वाकून बघा.
- बुटाच्या मधल्या रेषेची आणि स्कीवरच्या खुणेची जुळणी बघा. 1 सेंमी पुढे केले तर वळण सोपे, पण खोल बर्फात टोक बुडते. 1 सेंमी मागे केले तर टोक वर राहते, वळणाची सुरुवात सुस्त होते. पहिल्या सर्व फेऱ्या कंपनीच्या खुणेवर करा, सरकवणे शेवटी.
- ब्रेकची रुंदी कंबरेइतकी किंवा फार तर 15 मिमी जास्त असावी. फार रुंद ब्रेक कडेवर गेल्यावर बर्फात घासतो.

चाचणी-बाइंडिंग जड असते आणि पाय थोडा उंच ठेवते. एक स्की चाचणी-बाइंडिंगवर आणि दुसरी कायमच्या बाइंडिंगवर असेल तर वजनाबद्दल आणि चपळाईबद्दल काहीच लिहू नका.

> इशारा: "चाचणीत स्की सुटायला नको" म्हणून डिन वाढवून घेणाऱ्या भेटतात. न सुटलेली स्की गुडघा पिळते. आकडा जिथे आहे तिथेच ठेवा.

## टप्पा 5: उतारावरचा क्रम

एक ओळखीची स्की सोबत ठेवा, जिचे वागणे तुम्हाला पाठ आहे. क्रम असा: ओळखीची, नवी, पुन्हा ओळखीची. शेवटच्या फेरीत ओळखीचीच वेगळी वाटली तर बर्फ बदललाय किंवा पाय थकलेत, आणि मधल्या फेरीची नोंद बाजूला ठेवावी. उतार तोच, लिफ्ट तीच. पायात ऊब येण्यासाठीची पहिली फेरी मोजायची नाही.

(क) सौम्य उतार, कमी वेग. आधी आडवी घसरण: उताराला काटकोनात उभे राहून दोन्ही स्की सपाट करत खाली या. एक पाय अडखळतो आणि दुसरा नाही, असे झाले तर स्की अदलाबदल करा. अडखळणे स्कीबरोबर गेले तर तिसरा टप्पा पुन्हा. मग पाचर, मग घसरती छोटी वळणे. नवशिकीसाठी खरी परीक्षा हीच आहे: चुकून वजन मागे गेले तरी शेपूट सुटते का? तरबेज परीक्षक ही फेरी कंटाळून गाळतात आणि मग "नवशिक्यांसाठीही उत्तम" असे ठोकून देतात.

(ख) मध्यम उतार, कडेवरची वळणे. घोटा-गुडघा कलवा आणि थांबा, वळवू नका. टोक किती लवकर आत येते? खाली थांबून मागचा माग बघा. दोन बारीक रेघा म्हणजे कड धरून राहिली. शेवटाकडे रेघ पुसट आणि रुंद झाली तर शेपूट घसरते आहे. आता त्याच उतारावर मुद्दाम छोटे आणि मुद्दाम मोठे वळण घ्या. एकच आकाराचे वळण देणारी स्की ऑल-माउंटन म्हणायला अपुरी.

(ग) वेग. मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या उतारावरच. रॉकरचे टोक फडफडताना दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा. ते हवेत असते. पायाखाली थरथर येते का आणि कोणत्या वेगाला येते, तेवढे नोंदवा.

(घ) कडक, चकचकीत बर्फ. सकाळी लवकर. पकड कुठे सुटते ते ओळखा: टोकाला, पायाखाली की शेपटाला. आणि सुटल्यावर परत लागते का? हळूहळू सुटून पुन्हा धरणारी स्की मध्यम पातळीला चालते. एकदम सुटणारी तिला घाबरवते.

(ङ) मोगल, म्हणजे बर्फाचे उंचवटे. तीन-चार उंचवट्यांनंतर शेपूट तुम्हाला पुढे फेकते की मागे बसवते ते बघा. ताठ शेपूट इथे उघडे पडते, आणि रुंद कंबरही: दोन उंचवट्यांमधल्या चिंचोळ्या जागेत स्की आडवी करायला ती वेळ खाते.

(च) दुपारचा विस्कटलेला मऊ बर्फ. ही फेरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण सुट्टीतले निम्मे दिवस याच बर्फावर जातात. ढिगाऱ्याला टोक लागले की ते वर उडते, बाजूला फेकले जाते की कापत जाते? हलक्या स्कीचे गुण सकाळी दिसतात, अवगुण दुपारी तीनला.

(छ) ताजा बर्फ. 10 सेंमी पडला असेल तर तुम्ही अजून खालच्या कडक थरावरच चालताय. तरंगण्याबद्दल लिहायचे असेल तर स्की खाली न टेकण्याइतका खोल बर्फ हवा. तरंगणे वजनावर आणि लांबीवर ठरते, म्हणून नोंदीत दोन्ही लिहा.

> इशारा: नोंदी करायला थांबाल तेव्हा उताराच्या कडेला, वरून दिसेल अशा जागी थांबा. आखलेल्या हद्दीबाहेर जायचे असेल तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडे, सोबत आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा हवा. यातले एक जरी नसले तरी ती फेरी रद्द करा.

## टप्पा 6: लक्षणावरून कारण शोधा

क्रम नेहमी हाच: घासणी, बूट, लांबी, आणि मग स्की.

- *वळणात अचानक आत ओढते:* खरबरीत काठ, वर आलेल्या कडा. दोन्ही ठीक असतील तर टोक रुंद आणि त्रिज्या लहान, म्हणजे स्कीचा स्वभाव.
- *वळण सुरूच होत नाही:* वजन मागे आहे का? बूट सैल? मग बाइंडिंगची खूण. मग लांबी.
- *शेवटी शेपूट घसरते:* पायाखालची धार. मग शेपटाकडचा रॉकर फार लांब आहे का, किंवा स्की आखूड आहे का.
- *सरळ जाताना भटकते:* फुगलेला तळ. लांब रॉकरची स्की सपाट ठेवली तरी थोडी भटकतेच. किंचित कडेवर ठेवल्यावर थांबली तर तो दोष नव्हे.
- *पाय लवकर थकतात:* बहुधा कंबर फार रुंद किंवा स्की फार ताठ. पण आदल्या रात्रीची झोपही विचारा.

## टप्पा 7: निरनिराळ्या पातळीच्या स्त्रियांकडून चाचणी

किमान तिघी हव्यात, पातळी वेगळी आणि वजनही वेगळे. 50 आणि 75 किलोच्या दोघींना एकच 164 ची स्की दिली तर पहिलीला ती ताठ आणि दुसरीला मऊ वाटणारच, आणि दोघी बरोबर असतात. प्रत्येकीला तिच्या मापाची लांबी द्या. एकच लांबी उपलब्ध असेल तर तसे लिहा आणि ताठपणावर मत देऊ नका.

वरच्या नक्षीवर चिकटपट्टी लावा, नाव दिसू देऊ नका. लिफ्टमध्ये गप्पा सुरू होण्याआधी प्रत्येकीने आपली नोंद पूर्ण करावी, कारण सर्वात तरबेज बाईने एकदा "मस्त आहे" म्हटले की बाकीच्या मान डोलावतात.

गुणांची सरासरी काढू नका. नवशिकीने 9 आणि तरबेजने 5 दिले तर सरासरी 7 येते, आणि ती दोघींपैकी कोणालाच उपयोगाची नाही. दोन्ही आकडे कोणाचे आहेत यासह वेगवेगळे छापा.

## टप्पा 8: निष्कर्ष लिहिणे

प्रत्येक निष्कर्षाच्या वर एक ओळ हवी: लांबी, कंबर, कडांचे कोन, बाइंडिंगचा प्रकार, परीक्षकेचे वजन आणि पातळी, बर्फ आणि हवेचे तापमान. मग वाक्ये. "बहुपयोगी", "खेळकर", "आत्मविश्वास देणारी" हे शब्द टाळा, त्यांतून काही कळत नाही. असे लिहा: "158 सेंमी, 56 किलो, मध्यम पातळी: सकाळच्या कडक बर्फावर मध्यम उतारावर पकड सुटली नाही. दुपारी विस्कटलेल्या बर्फात टोक वारंवार उडाले. मोगलमध्ये शेपूट सहज सुटले."

मग बाइंडिंग 1 सेंमी पुढे-मागे करून (ख) आणि (च) या दोनच फेऱ्या पुन्हा करा. एवढ्याने तक्रार मिटली तर स्की नाकारू नका, सरकवलेल्या खुणेसह शिफारस करा. आणि ज्या बर्फावर फेरी झालीच नाही, त्या रकान्यात अंदाजाचा आकडा न भरता "चाचणी झाली नाही" असे लिहा.